मशीन निवडावं ड्रॉइंग पाहून

स्लायडिंग हेड लेथ घ्यायला निघालेला माणूस बहुधा पहिला प्रश्न हाच विचारतो: किती अ‍ॅक्सिसचं घेऊ? कॅटलॉगही त्याच क्रमाने छापलेले असतात. पाच अ‍ॅक्सिस, सात, नऊ, अकरा, तेरा. आकडा वाढतो तशी किंमत चढते. माझं म्हणणं असं आहे की हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. आधी जॉबचं ड्रॉइंग टेबलावर पसरावं. त्यातलं प्रत्येक माप कुठल्या टूलने, कुठल्या स्पिंडलवर आणि बार कुठे धरलेला असताना निघणार, हे कागदावर लिहून काढावं. अ‍ॅक्सिस किती हवेत ते त्या कागदावरूनच कळतं. भोसरी, चाकण, अंबड, सातपूर किंवा वाळूजमधल्या लहान कारखानदारासाठी असं मशीन म्हणजे कित्येक वर्षांचं कर्ज असतं. म्हणून हा हिशोब सावकाश मांडतो.

उदाहरणाला एकच जॉब घेऊ: मोडलेलं हाड प्लेटला जोडून ठेवणारा स्क्रू. आयएसओ ५८३५ या मानकात त्याची मापं ठरलेली आहेत. एचए ३.५ या मापाच्या स्क्रूला आट्यांचा बाहेरचा व्यास ३.५ मिलिमीटर, आतल्या गाभ्याचा २.४, पिच १.२५, डोक्याचा व्यास ६ आणि डोक्यात २.५ मिलिमीटरचा षटकोनी खड्डा. लांबी ४० मिलिमीटर धरू. धातू टायटॅनियमचा, सहा टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियमचा मिश्रधातू. हा जॉब निवडण्याचं कारण असं की स्लायडिंग हेड लेथची जवळजवळ सगळी बलस्थानं आणि सगळ्या अडचणी त्या बोटभर तुकड्यात एकत्र येतात.

आधी साध्या सीएनसी लेथवर काय होईल ते पाहू. बार चकमध्ये धरला, ४० मिलिमीटर बाहेर काढला आणि टोकाला टूल लावलं. कापताना टूल जॉबला बाजूला ढकलतं. हा दाब २० न्यूटन धरा, म्हणजे दोन किलो वजनाएवढा. ३.५ मिलिमीटर जाडीचा टायटॅनियमचा दांडा एका टोकाला धरून दुसऱ्या टोकाला एवढा दाब दिला, तर तो सुमारे अर्धा मिलिमीटर लवतो. ड्रॉइंगवर मायक्रॉनमध्ये टॉलरन्स लिहिलेला असताना जॉब अर्धा मिलिमीटर पळून गेला, तर कापणं कसलं? आता तोच दाब आधारापासून फक्त २ मिलिमीटरवर द्या. लवण ०.०६ मायक्रॉनवर येते. लांबी वीसपट कमी झाली आणि लवण आठ हजारपट, कारण लवण लांबीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. ऊस सोलणारा माणूस कोयता जिथे चालतो त्याच्या लगतच पेर धरतो, तेच इथे यंत्राने केलं आहे.

स्लायडिंग हेड लेथमध्ये हा आधार म्हणजे गाईड बुश. बार मागे हेडस्टॉकच्या कॉलेटमध्ये पकडलेला असतो आणि पुढे एका घट्ट बसणाऱ्या बुशमधून बाहेर येतो. टूल बुशच्या तोंडापासून एक-दोन मिलिमीटरवर उभं असतं आणि झेड दिशेला हलत नाही. हलतो तो हेडस्टॉक, बारला सोबत घेऊन. साध्या लेथमध्ये टूल जॉबच्या अंगावरून फिरतं, इथे जॉबच टूलसमोरून सरकत पुढे जातो. म्हणून दांडा ४० मिलिमीटरचा असो की १२० चा, कापण्याची जागा कायम आधाराला चिकटून राहते.

ही युक्ती घड्याळवाल्यांची. स्वित्झर्लंडच्या ज्युरा डोंगररांगांत घड्याळांचे बारीक दांडे आणि स्क्रू बनवण्यासाठी १८७० च्या दशकात याकोब श्वायझर यांनी सरकत्या हेडस्टॉकची लेथ घडवली. पुढे त्याच भागातल्या मुतिये या छोट्या गावात टोर्नोस, बेश्लर आणि पेटरमान असे तीन कारखाने नावारूपाला आले. जपानमध्येही धागा घड्याळांशीच जुळतो. सिनकॉम नावाने या लेथ विकणारी सिटिझन ही मूळची घड्याळांची कंपनी, आणि आपल्या एचएमटीने १९६१ मध्ये बेंगळुरूला घड्याळांचा कारखाना उभारला तो याच सिटिझनच्या सहकार्याने. आज भारतात सिटिझन, स्टार, त्सुगामी, टोर्नोस, हानव्हा ही नावं कानावर येतात. त्सुगामीचा तर चेन्नईजवळ कारखाना आहे.

गाईड बुशचा फायदा सगळे सांगतात. त्याची अट मात्र फार कमी लोक सांगतात, आणि मशीनची निवड त्या अटीवरच अवलंबून असते. बुश ६ मिलिमीटरच्या बारला बसवलेला आहे. बार पुढे सरकला, ३.५ चा दांडा कापून झाला. आता काही कारणाने तो ४० मिलिमीटर मागे घेतला, तर बुशच्या ६ मिलिमीटरच्या भोकात ३.५ चा दांडा येतो आणि चहूबाजूंनी सव्वा मिलिमीटर मोकळा राहतो. आधार संपला. शिवाय बार बुशमधून पूर्ण निसटला तर पुन्हा पुढे येताना तोंडावर आपटण्याचा धोका वेगळाच. बुशची आतली पकड जेवढी लांब, तेवढंच मागे जाता येतं, म्हणजे थोडे मिलिमीटर. म्हणून इथे साध्या लेथसारखे रफ कट, सेमी-फिनिश, फिनिश असे एकाच लांबीवर फेरे मारता येत नाहीत. एका फेऱ्यात पूर्ण खोलीचा कट घ्यायचा, किंवा जॉबचे छोटे टप्पे पाडून एकेक टप्पा संपवत पुढे जायचं.

आता आट्यांकडे बघा. साध्या टूलने आटे पाडायचे तर एकाच रेषेवर थोडी थोडी खोली वाढवत कित्येक फेरे घ्यावे लागतात. चाळीस मिलिमीटर लांबीवर बुशमधून हे जमणारच नाही. इथे व्हर्लिंग कामाला येतं. एका कड्याच्या आतल्या बाजूला तीन, सहा किंवा जास्त इन्सर्ट बसवलेले असतात. हे कडं जॉबभोवती वेगाने फिरतं, केंद्र थोडं बाजूला ठेवून. जॉब मात्र सावकाश फिरत पुढे सरकतो. प्रत्येक इन्सर्ट आतून एक आखूड, स्वल्पविरामाच्या आकाराची चिप काढतो आणि आटा एकाच फेऱ्यात पूर्ण खोलीचा होतो. इन्सर्टला योग्य आकार दिला तर तो गाभा, आट्याची बाजू आणि बाहेरचा व्यास हे सगळं थेट ६ मिलिमीटरच्या बारमधून काढतो. किंवा एक टर्निंग टूल कड्याच्या जरा पुढे ठेवून दांडा तासणं आणि आटे पाडणं एकाच वेळी चालवतात. दोन्ही रीतींत बार मागे घ्यावा लागत नाही. टायटॅनियमची लांबलचक गुंतणारी चिपही टळते.

व्हर्लिंग कडं आट्याच्या चढाच्या कोनात तिरकं बसवावं लागतं. आपल्या स्क्रूचा मधला व्यास धरला तर हा कोन साडेसात अंशांच्या आसपास येतो. इथे कागदावर पहिली खूण करा: गँगवर, म्हणजे टूलांच्या ओळीत, फिरत्या टूलची एक जागा, तिला पुरेसा जोर, आणि व्हर्लिंग युनिट हव्या त्या कोनात बसवण्याची सोय. हा कोन सेटिंगच्या वेळी एकदाच हाताने लावतात. त्यासाठी बी अ‍ॅक्सिस लागत नाही. विक्रेता ‘हाडाचे स्क्रू करायचे म्हणजे बी अ‍ॅक्सिस हवाच’ असं म्हणाला, तर या स्क्रूच्या ड्रॉइंगवर तो कुठे लागतो ते बोट ठेवून दाखवा, अशी विनंती जरूर करा.

बुशचे प्रकार दोन. स्थिर बुश जागेवर थांबतो आणि बार त्याच्या आत फिरतो. बेअरिंग नसल्यामुळे तो सर्वांत अचूक, पण बार आणि बुश यांच्यात घर्षण होतं. टायटॅनियम किंवा स्टेनलेस वेगाने फिरवलं की धातू बुशला चिकटून ओरखडे पडू शकतात. फिरता बुश बारसोबतच फिरतो. घर्षण गेलं, पण बेअरिंगचा रनआऊट आला. आपल्या कामाला फिरता बुश घ्यावा आणि त्याच्या रनआऊटचा आकडा लेखी मागावा, असं माझं मत.

बुश लावणं हे काम हाताने शिकण्याचं आहे. सेटर बारचा एक सरळ तुकडा तेलाने पुसून बुशमध्ये घालतो आणि मागचा नट थोडा थोडा आवळत तो तुकडा बोटांच्या चिमटीत पुढे-मागे ढकलून बघतो. सैल असेल तर बार सर्रकन जातो आणि बोटाला काहीच लागत नाही. जास्त आवळला तर अडकतो, ढकलताना झटका बसतो. बरोबर लागला की एकसारखी, मऊ ओढ जाणवते, पूर्ण लांबीभर तीच. मग तो तुकडा काढून बारच्या दुसऱ्या टोकाने हीच परीक्षा घेतो, कारण बारचा व्यास दोन्ही टोकांना सारखा असेलच असं नाही. जाणता सेटर तिसऱ्या बारचीही चाचणी घेतो.

ही परीक्षा का घ्यावी लागते? बुशमधली मोकळीक लवणीपेक्षा कितीतरी मोठी असते म्हणून. लवण ०.०६ मायक्रॉन असली तरी बार बुशमध्ये पाच मायक्रॉन खेळत असेल, तर जॉब पाच मायक्रॉनने हलणारच. ६ मिलिमीटरच्या बारला एच७ टॉलरन्स म्हणजे १२ मायक्रॉनची मुभा, एच६ म्हणजे ८. बुश सर्वांत जाड बारला बसवला तर सर्वांत बारीक बार त्यात तेवढा सैल राहणार. तेव्हा मशीनच्या किमतीत पैसे घालताना सेंटरलेस ग्राइंड केलेल्या, सरळ, गोल बारसाठीही पैसे काढून ठेवा. साधा ओढीव बार घालून महागड्या मशीनकडून मायक्रॉनची अपेक्षा करणं हा त्या मशीनवर अन्याय आहे.

बुशची दुसरी किंमत म्हणजे वाया जाणारा तुकडा. कॉलेटपासून बुशपर्यंतचं अंतर भरून काढायला बार लागतोच, आणि शेवटी तो तेवढा शिल्लक राहतो. तीन मीटरचा बार, एका स्क्रूला पार्टिंग आणि फेसिंग धरून साडेबेचाळीस मिलिमीटर, शेवटचा तुकडा २५० मिलिमीटर धरला तर एका बारमधून ६४ स्क्रू निघतात. बारचा बारावा हिस्सा भंगारात. बुश काढून टाकला आणि शिल्लक तुकडा ८० मिलिमीटरवर आला, तर ६८ निघतील. पण आपला ४० मिलिमीटरचा बारीक दांडा बुशशिवाय होणार नाही, म्हणून हा खर्च सोसायचा. जॉबची लांबी व्यासाच्या अडीच-तीनपटीच्या आत असेल, दातांच्या इम्प्लांटचे काही सुटे भाग असतात तसा तो आखूड असेल, तर बुशची गरज उरत नाही. आजकाल बरीच मशीनं दोन्ही पद्धतींनी चालतात. लांब आणि आखूड दोन्ही प्रकारचे जॉब येणार असतील तर ही सोय दोन जादा अ‍ॅक्सिसपेक्षा मोलाची आहे. विचारायचं एवढंच की बदल करायला किती वेळ लागतो आणि तो आपला सेटर करू शकतो की कंपनीचा माणूस बोलवावा लागतो.

आता जॉबची दुसरी बाजू. दांडा आणि आटे झाले, पण डोक्याचा माथा आणि षटकोनी खड्डा बारच्या बाजूला आहेत. इथे सब-स्पिंडल येतो. तो समोरून येऊन आट्यांचा दांडा पकडतो, दोन्ही स्पिंडल एकाच वेगाने फिरत असताना पार्टिंग होतं आणि जॉब सब-स्पिंडलसोबत निघून जातो. तिथे माथा साफ होतो, ड्रिल होतं, षटकोनी खड्डा ब्रोचने पाडला जातो. तेवढ्या वेळात मुख्य स्पिंडलवर पुढच्या स्क्रूचा दांडा चालू झालेला असतो. आट्यांच्या धारा पातळ असतात, त्या दबू नयेत म्हणून सब-स्पिंडलचं कॉलेट लांब आणि आतून गुळगुळीत लागतं, म्हणजे दाब बऱ्याच आट्यांवर वाटला जातो.

हाच स्क्रू उलट्या क्रमानेही करता येतो. आधी डोकं पुढे काढून माथा आणि खड्डा पूर्ण करायचा, सब-स्पिंडलने ते गुळगुळीत डोकं पकडायचं आणि दोन्ही टोकं धरलेली असताना मधला दांडा व्हर्ल करायचा. शंभर मिलिमीटरच्या लांब स्क्रूला ही रीत सोयीची. पण मग सब-स्पिंडल फक्त धरून ठेवण्याचं काम करतो आणि वेळेची बचत होत नाही. एकाच स्क्रूच्या लांबीप्रमाणे मशीनकडून मागणी बदलते, हे इथे लक्षात घ्यावं.

वेळेचा हिशोब हा या मशीनचा गाभा आहे. समजा, मुख्य स्पिंडलवर ११० सेकंद आणि सब-स्पिंडलवर ४५ सेकंदांचं काम आहे, आणि जॉब हातबदल व्हायला ५ सेकंद. एकापाठोपाठ केलं तर १६० सेकंद. दोन्ही एकाच वेळी चालली तर ११५. दिवसाला २० तास मशीन चाललं तर ४५० स्क्रूंच्या जागी ६२६. आता विक्रेता म्हणतो, सब-स्पिंडलला वाय अ‍ॅक्सिस आणि जास्त फिरती टूलं घ्या, तिथलं काम ४५ वरून ३० सेकंदांवर येईल. येईलही. पण मुख्य स्पिंडल ११० सेकंद घेतोच आहे. सब-स्पिंडल १५ सेकंद जास्त वाट बघत उभा राहील, एवढाच फरक पडेल. पैसे घालायचे तर ११० कमी करण्यासाठी घालावेत: चांगलं व्हर्लिंग युनिट, जास्त इन्सर्टचं कडं, एकाच वेळी दुसरं टूल चालवू शकणारी रचना, किंवा मुख्य बाजूचं एखादं काम पलीकडे ढकलणं. वेळ नेहमी जास्त काम असलेल्या बाजूने ठरतो. म्हणून विक्रेत्याकडून एकूण सायकल टाइमचा एक आकडा घेऊन समाधान मानू नका. दोन्ही बाजूंचा तक्ता मागा, त्यात कोण कधी कोणासाठी थांबतं हे दाखवलेलं असावं.

एवढं झाल्यावर अ‍ॅक्सिस मोजायला हरकत नाही. हेडस्टॉक सरकतो तो झेड-१. गँगवरची टूलं जॉबकडे येतात तो एक्स-१, एक टूल जाऊन दुसरं समोर येतं तो वाय-१. मुख्य स्पिंडल हव्या त्या कोनात थांबतो किंवा सावकाश फिरतो तो सी-१. सब-स्पिंडल पुढे-मागे होतो तो झेड-२, आडवा सरकतो तो एक्स-२, कोनात फिरतो तो सी-२. हे सात झाले, आणि षटकोनी खड्ड्याचा आपला स्क्रू या सातांत पूर्ण होतो. वाय-२ मिळाला तर सब-स्पिंडलसमोर टूलांची दुसरी ओळ बसवता येते आणि मध्यापासून बाजूला मिलिंग करता येतं. कॅटलॉगमधले तेरा अ‍ॅक्सिस म्हणजे तेरा अ‍ॅक्सिस एकाच टूलला एकाच वेळी फिरवतात असा अर्थ नाही. दोन किंवा तीन स्वतंत्र गटांत वाटलेल्या हालचालींची ती बेरीज असते. म्हणून संख्येइतकाच महत्त्वाचा प्रश्न: एकाच वेळी किती टूलं धातूला लागलेली असू शकतात?

बी अ‍ॅक्सिस म्हणजे फिरत्या टूलचा कोन प्रोग्रॅममधून बदलता येणं. दातांच्या तिरक्या अ‍ॅबटमेंटमध्ये, मणक्याच्या स्क्रूच्या डोक्यावरच्या तिरक्या खाचांमध्ये किंवा एकाच जॉबवर वेगवेगळ्या कोनांची भोकं असतील तेव्हा तो खरोखर लागतो. कोन एकच असेल आणि वर्षभर तोच राहणार असेल, तर त्या कोनाचा टूल होल्डर फार कमी पैशांत मिळतो आणि जास्त मजबूतही असतो. उलट, दर आठवड्याला नवं ड्रॉइंग येणाऱ्या कारखान्याने बी अ‍ॅक्सिससाठी पैसे मोजावेत, कारण तिथे वाचतो तो सेटिंगचा वेळ.

एका बदलाने ही सगळी आकडेमोड हलते. खड्डा षटकोनी नसून सहा पाकळ्यांचा असेल आणि तो एक मिलिमीटरच्या एन्ड मिलने कोरायचा असेल, तर टायटॅनियममध्ये ६० मीटर प्रतिमिनिट वेगासाठी त्या एन्ड मिलला १९,००० पेक्षा जास्त फेरे लागतात. सब-स्पिंडलसमोरची फिरती टूलं ६,००० ची असतील तर वेग १९ मीटरच्या जवळपास अडकतो. अशा वेळी जास्त फेऱ्यांचा वेगळा छोटा स्पिंडल बसवावा लागतो. त्याला वायरिंग, हवा आणि जागा आहे का, हे ऑर्डर देण्याआधी बघायचं. स्क्रू आरपार पोकळ असेल, तारेवरून हाडात नेण्याचा कॅन्युलेटेड प्रकार, तर व्यासाच्या तीसपट खोल भोक आलं, गन ड्रिल आलं आणि ७० बारच्या पुढचा तेलाचा दाब आला. हा पंप नंतर जोडता येतो, पण मशीनमधल्या नळ्या आणि टूलमधली वाट सुरुवातीपासून असेल तरच सुखाने.

मशीनचा आकार बारच्या व्यासावरून ठरतो: १२, १६, २०, ३२, ३८ मिलिमीटर. ‘पुढेमागे मोठं काम आलं तर’ म्हणून ३२ चं घेण्याकडे आपला कल असतो. आपल्या स्क्रूचं डोकं ६ चं, त्याच मानकातल्या ४.५ आणि ६.५ च्या स्क्रूंचं ८ चं. म्हणजे हे सगळं कुटुंब १२ च्या मशीनवर बसतं. मणक्याच्या स्क्रूची मोठी डोकी करायची असतील तर १६ किंवा २०. मोठ्या मशीनच्या नळीत ६ चा बार फडफडतो, ते थांबवायला आतून बारीक नळ्या घालाव्या लागतात, हलणारे भाग जड असल्याने प्रत्येक छोट्या हालचालीला थोडा जास्त वेळ जातो. ३.५ मिलिमीटरच्या दांड्याला ६० मीटर वेगासाठी साडेपाच हजार फेरे पुरतात, तेव्हा १५,००० फेऱ्यांच्या जाहिरातीचा या जॉबला उपयोग नाही. पितळेच्या एक मिलिमीटरच्या पिना करणाऱ्याला मात्र आहे.

टायटॅनियम आणि शुद्ध कटिंग ऑइल ही जोडी आगीच्या दृष्टीने गांभीर्याने घ्यायची आहे. तुटलेलं टूल जॉबवर घासत राहिलं, बारीक चिप तापली, तेलाचा धूर मशीनमध्ये साचलेला असला, की पेट घ्यायला वेळ लागत नाही. रात्री माणूस नसताना मशीन चालवायचं असेल तर आपोआप सुटणारी कार्बन डायऑक्साइडची यंत्रणा, धूर ओढणारा मिस्ट कलेक्टर आणि टूल तुटल्याचं ओळखणारा सेन्सर या तीन गोष्टी ऐच्छिक यादीतून काढून मूळ किमतीत धरा. इथे काटकसर करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. साध्या टर्निंगमध्ये चिप गुंतण्याचा त्रास असेल तर टूलला ठरावीक लयीत मागे-पुढे हलवून चिप तोडणारी सोयही मिळते. सिटिझन तिला एलएफव्ही म्हणते. व्हर्लिंगमध्ये चिप आधीच तुटलेली असते, त्यामुळे आपल्या स्क्रूसाठी ती दुय्यम.

जागेचा आणि हवेचा विचार आपल्याकडे उशिरा होतो. मशीनमागे तीन-साडेतीन मीटरच्या बारचा फीडर एका रेषेत उभा राहतो आणि बार भरायलाही जागा लागते. जपानी मशीन २०० व्होल्टच्या आसपास चालणारं असेल तर आपल्या ४१५ व्होल्टवर ट्रान्सफॉर्मर लागतो. तापमानाचं गणित त्याहून नाजूक आहे. ४० मिलिमीटरचा स्क्रू दहा अंशांनी तापला तर साडेतीन मायक्रॉनच वाढतो. पण ३०० मिलिमीटरचं बिडाचं अंग तेवढंच तापलं तर ३३ मायक्रॉन वाढतं. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यातल्या दुपारी आणि पहाटे एवढा फरक सहज पडतो. बंद खोली, एअर कंडिशनर आणि तेलाचा चिलर यांचा खर्च धरून मगच मशीनची किंमत पूर्ण झाली असं समजावं.

चाचणी आपल्याच जॉबची आणि आपल्याच बारची घ्यावी. बेंगळुरूच्या इमटेक्ससारख्या प्रदर्शनात विक्रेता त्याच्या मशीनला शोभेल असा जॉब चालवतो, ते बघावं, पण त्यावर निर्णय घेऊ नये. ड्रॉइंग द्या, ज्या व्यापाऱ्याकडून कायम घेणार त्याचाच बार द्या, आणि सकाळी थंड मशीनवर पहिला जॉब निघताना स्वतः उभे राहा. सलग ५० जॉब मोजा. गाभ्याचा व्यास, आट्यांचा व्यास, डोकं आणि दांडा यांचा रनआऊट, खड्ड्याची खोली, एवढी मापं पुरेत. क्रमाने आलेख काढला की कळतं की मशीन तापताना माप एका बाजूला सरकत जातं की एका जागी टिकतं. सीपीके १.३३ च्या वर हवा, अवघड मापांना १.६७ मागणारे ग्राहक असतात. मधे ऑपरेटरने किती वेळा ऑफसेट बदलला तेही लिहून घ्या. प्रत्येक पाच जॉबनंतर हात लावून आलेला चांगला आलेख रात्रपाळीत उपयोगाचा नाही. वैद्यकीय कामात तर मशीन बदललं की प्रक्रियेची पडताळणी पुन्हा करावी लागते, म्हणून ही चाचणी घाईत उरकू नका.

प्रोग्रॅमिंगची भीती अवाजवी आहे, पण तयारी हवी. दोन गट एकाच वेळी चालतात आणि ठरावीक जागी एकमेकांसाठी थांबतात. हे थांबे चुकीच्या ठिकाणी पडले तर टूलवर टूल आदळतं, जास्त पडले तर वेळ वाया जातो. या कामाला आपल्याकडे तयार माणसं आहेत आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं, याचं मला वाईट वाटतं. पिंपरी-चिंचवड परिसरात ट्रॉबच्या कॅमवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक लेथवर कॅम बसवण्यात ज्यांची हयात गेली, ते सेटर कॅमच्या एका फेऱ्यातले ३६० अंश वेगवेगळ्या कामांत वाटत आले आहेत. कुठलं काम कुठल्या कामाखाली दडवायचं, हे त्यांना चांगलं उमगतं. त्यांच्याजवळ एक संगणक येणारा तरुण मुलगा बसवला, तर दोघं मिळून जो प्रोग्रॅम करतील तो एकट्या तरुणाच्या हातून होणार नाही. प्रशिक्षणाच्या करारात म्हणून दोन नावं घालावीत. पोस्ट प्रोसेसर त्याच मशीनवर तपासलेला आहे का, हेही करारात लिहून घ्यावं.

शेवटी ऑर्डर देताना एक बारीक गोष्ट. व्हर्लिंगचे इन्सर्ट आट्याच्या प्रोफाइलप्रमाणे खास घडवून घ्यावे लागतात, ते कपाटातून काढून मिळत नाहीत. मशीन येऊन बसलं, वीज जोडली आणि इन्सर्ट नाहीत म्हणून आठवडे गेले, असं होऊ शकतं. तेव्हा मशीनच्या ऑर्डरच्या दिवशीच मंजूर ड्रॉइंगसह इन्सर्टची ऑर्डर द्या. ६ मिलिमीटरचे दोन गाईड बुश आणि मुख्य स्पिंडलची दोन कॉलेट सोबत मागवा. सब-स्पिंडलचं कॉलेट मात्र चाचणीत निघालेले स्क्रू हातात देऊनच बनवून घ्या, कारण ते आट्यांवर बसतं.